कियोमासाच्या हातातली बंदूक कुठे गेली?

जपानच्या लाकडी ठशांच्या छापचित्रांत, म्हणजे उकियो-ए प्रकारात, वाघाला भिडणारे वीर बरेच सापडतात. त्यांतला सगळ्यांत ओळखीचा म्हणजे काटो कियोमासा. डोक्यावर उंच निमुळतं शिरस्त्राण, काळीभोर दाढी, समोर जबडा वासलेला वाघ आणि दोघांच्या मध्ये भाला. एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, ही चित्रं विकली गेली. मुलग्यांच्या सणाला याच प्रसंगाच्या बाहुल्या घरोघरी मांडल्या गेल्या. आजही जपानी माणसाला कियोमासा म्हटलं की वाघ आठवतो आणि वाघ म्हटलं की भाला.

पण ही शिकार ज्या पुस्तकातून सर्वांत जास्त पसरली, त्यात भाला नाही. तिथे तोड्याची बंदूक आहे.

कागदावर बंदूक आणि चित्रात भाला, ही अदलाबदल का झाली? चित्रकारांचं अज्ञान, सरकारची बंदी आणि प्रेक्षकांची आवड ही तिन्ही कारणं पुढे येतात. तिन्हींचं वजन मात्र सारखं नाही.

गोष्ट काय आहे

1592 साली जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीने कोरियावर स्वारी केली. कियोमासा त्याचा खास सरदार होता आणि दुसऱ्या तुकडीचा प्रमुख होता. त्याची स्वतःची माणसं दहा हजार होती आणि तुकडी वीस हजारांच्या वर. ही तुकडी कोरियाच्या ईशान्य टोकाला हामग्योंग प्रांतात शिरली, तिथे दोन कोरियन राजपुत्र तिच्या हाती लागले. हा डोंगराळ आणि कडाक्याच्या थंडीचा मुलूख, सैबेरियन वाघाचं घर. जपानात वाघ नाही, त्यामुळे या सैन्याला वाघ हे नवलच होतं. त्यात हिदेयोशी म्हातारा होत चाललेला. वाघाचं मांस ताकद देतं या समजुतीने सरदार त्याला मारलेली शिकार पाठवत आणि तो पोच देत असे. म्हणजे शिकारी खरोखर झाल्या, आणि त्या एकट्या कियोमासाने केल्या नाहीत. कुरोदा या दुसऱ्या सरदार घराण्याच्या माणसांच्या नावावरही वाघ मारल्याच्या गोष्टी आहेत. पुढे लोकांनी सगळे वाघ कियोमासाच्या खात्यावर जमा केले. याला एक गमतीचं कारणही आहे: त्याचं तरुणपणीचं नावच तोरानोसुके, आणि तोरा म्हणजे वाघ.

गोष्ट आपल्याला भेटते ती ‘जोझान किदान’ या संग्रहात. ओकायामाचे पंडित युआसा जोझान यांनी अठराव्या शतकात जुन्या योद्ध्यांच्या आख्यायिका त्यात गोळा केल्या. छावणी डोंगराच्या पायथ्याशी पडलेली आहे. रात्री वाघ येतो आणि घोडा उचलून नेतो. मग कोझुकी साझेन नावाचा कियोमासाच्या खास सेवेतला पोरगा वाघाच्या तोंडी जातो. उजाडताच कियोमासा अख्ख्या डोंगराला माणसांचा वेढा घालतो. वाघ उंच गवतातून वाट काढत थेट त्याच्याच रोखाने येतो. कियोमासा एका मोठ्या खडकावर बंदूक रोखून उभा आहे. वाघ थबकतो, टक लावून बघतो. बाकीचे एकदम बार काढायला निघतात, तर कियोमासा त्यांना थांबवतो, कारण हा त्याला स्वतःच्या हाताने हवा आहे. वाघ जबडा उघडून झेप घेतो आणि गोळी घशात शिरते.

गोष्ट म्हणून ही फक्कड आहे. नेम आहे, धीर आहे, मालकाचा हट्टही आहे. चित्रकाराला याहून काय हवं? तरी त्याने ती घेतली नाही.

हा संग्रहही घटनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी झालेला आहे, हे लक्षात ठेवायला हवं. त्यामुळे बंदूक खरी आणि भाला खोटा असा निकाल मला द्यायचा नाही. दोन्ही ऐकीव. मला रस आहे तो दोन ऐकीव गोष्टींपैकी चित्रकारांनी कुठली निवडली यात.

बंदूक त्या सैन्यात दुर्मीळ नव्हती. 1543 साली तानेगाशिमा बेटावर पोर्तुगिजांबरोबर ती आली आणि पन्नास वर्षांत जपानी लोहार ती हजारोंनी बनवू लागले होते. या जपानी बंदुकीचा चाप ज्या घडणीवरून उचलला, ती गोव्याच्या पोर्तुगीज शस्त्रशाळेतली असं मानलं जातं. म्हणजे कियोमासाच्या शिकारीला आपल्या मांडवीकाठचाही थोडा हात लागलेला आहे.

बंदीचा संशय

पहिला संशय सरकारवर जातो, आणि तो अगदीच निराधार नाही. हिदेयोशीच्या घराण्याला बाजूला सारून तोकुगावा घराण्याचे शोगुन सत्तेवर आले. हिदेयोशी आणि त्याचे सरदार यांचे गोडवे त्यांना नको होते. 1797 ते 1802 या काळात ओसाकात ‘एहोन ताइकोकी’ ही हिदेयोशीच्या चरित्राची सचित्र मालिका निघाली आणि धडाक्यात खपली. एदोच्या चित्रकारांनी लगेच तो विषय उचलला. 1804 मध्ये सरकारने दणका दिला. उतामारोसारख्या नावाजलेल्या चित्रकाराला हिदेयोशीच्या चित्रांपायी पन्नास दिवस हातात बेड्या घालून ठेवलं. मूळ पुस्तकावरही बंदी आली. दोन वर्षांनी उतामारो गेला.

त्याच वेळच्या फर्मानाची भाषा बघण्यासारखी आहे. तेन्शो काळापासून पुढच्या, म्हणजे 1573 नंतरच्या योद्ध्यांची नावं सुट्या चित्रांवर घालायची नाहीत, हे तर आहेच. पण त्यांची घराण्याची चिन्हं, किंवा घोटाळा होईल अशी मिळतीजुळती नावंसुद्धा घालायची नाहीत. पळवाट आधीच बुजवलेली!

तरी ती उघडली गेलीच. कियोमासा हे नाव दोन अक्षरांचं, कियो आणि मासा. ती उलटी केली की मासाकियो. काटोचा केला सातो. झाला ‘सातो मासाकियो’. रंगभूमीने हे नाव आधी रुळवलं. 1807 मध्ये ओसाकाच्या बाहुली-रंगभूमीवर आलेल्या ‘हाचिजिन शुगो नो होंजो’ या नाटकाचा नायक हाच सातो मासाकियो होता. हिदेयोशीचा माशिबा हिसायोशी झाला. 1848-49 च्या सुमारास उतागावा कुनियोशीने हिदेयोशीच्या काळातल्या वीरांची पन्नास चित्रांची मालिका काढली. तिचं नाव ‘ताइहेइकी एइयूदेन’, म्हणजे विषय चौदाव्या शतकातला असल्याचा बहाणा. आतली नावं सगळी अशीच फिरवलेली. प्रत्येक चित्रावर तपासनिसांचे दोन शिक्के आहेत. तपासनीस म्हणजे पेठांचे नानुशी, तिथलेच मुखत्यार. मासाकियो कोण हे त्यांना कळत नव्हतं असं समजायचं कारण नाही. कित्येक चित्रांत तर त्या उंच शिरस्त्राणावर कियोमासाचं वर्तुळात वर्तुळ असलेलं चिन्ह ठळक दिसतं. पाठीमागे त्याच्या निचिरेन या बौद्ध पंथाचा मंत्र लिहिलेलं निशाण फडकतं. नाव सोडून सगळं खरं.

आता मुद्द्याचं. बंदी होती ती नावावर आणि चिन्हावर. हत्यारावर ती नव्हती. सातो मासाकियोच्या हातात बंदूक दिली असती तरी तपासनिसांनी शिक्का मारलाच असता. कुनियोशीच्याच योद्धाचित्रांत दारूचे स्फोट आहेत. कावानाकाजिमाच्या लढाईतला एक योद्धा सुरुंगाच्या स्फोटात उडताना त्याने काढला आहे, आणि तो कागद आजही डोळे दिपवतो. तेव्हा बंदी हे बंदूक गाळण्याचं कारण नव्हे.

उलट सरकारनेच या विषयाला हातभार लावला. 1842 च्या सुधारणांत नटांची आणि गणिकांची चित्रं बंद झाली. रंगांची संख्या सात-आठवर आली, एका कागदाला सोळा मोनची कमाल किंमत ठरली. सोळा मोन म्हणजे सोबा शेवयांचा एक वाडगा. प्रकाशकांकडे मग विकण्यासारखं उरलं काय? इतिहास, पराक्रम, सद्वर्तन. वीर आणि वाघ त्यात चपखल बसले.

मांजरीचे डोळे

दुसरा संशय अज्ञानावर. चित्रकारांनी वाघ पाहिलाच नव्हता. फार पूर्वी दरबाराला किंवा राज्यकर्त्यांना नजराणा म्हणून एखादा जिवंत वाघ आल्याच्या नोंदी आहेत, पण कुनियोशीच्या पिढीला एदोच्या रस्त्यावर वाघ दिसणं अशक्य होतं. हाताशी होतं ते आयात केलेलं कातडं, चीन आणि कोरियातून आलेली चित्रं, आणि मांजर.

कुनियोशीच्या घरी मांजरांचा सुकाळ. तो मांजर कुशीत घेऊन काम करायचा असं सांगतात, आणि त्याच्या वाघांकडे बघून ते पटतं. पाठीची कमान, मागे दुमडलेले कान, खाली दाबलेली मान, आडवा फटका मारायला उचललेला पुढचा पंजा: भिंतीला टेकलेल्या बोक्याचा हा पवित्रा आहे. सगळ्यांत मोठी खूण डोळ्यांत. मांजराची बाहुली उजेडात उभ्या फटीसारखी होते, वाघाची होत नाही, ती गोलच राहते. ताडोब्याला जाऊन आलेल्या कुणाच्याही फोटोत हे दिसेल. जपानी छापचित्रांतल्या वाघांच्या डोळ्यांत मात्र ती उभी फट पुन्हा पुन्हा भेटते.

कातडं आणि मांजर यांची ही जोडणी हाताने कशी व्हायची तेही बघण्यासारखं आहे. चित्रकार पातळ कागदावर शाईने रेषा काढून देई. तो कागद चेरीच्या लाकडावर उलटा चिकटवून कोरणारा रेषा उभ्या ठेवी आणि बाकीचं लाकूड काढून टाकी. चेहरा आणि केस हे उस्तादाचं काम, कपडे आणि पार्श्वभूमी शिकाऊंचं. केसांच्या कडेला एका रेषेच्या जागी कितीतरी सुट्या बारीक रेषा उभ्या ठेवाव्या लागत, आणि एक तुटली की ठसा वाया. योद्ध्याची दाढी आणि वाघाची आयाळीसारखी गालमिशी, दोन्ही एकाच हाताने, एकाच अवजाराने कोरलेली. चांगल्या छपाईत ती इतकी सारखी दिसतात की माणूस आणि जनावर एका जातीचे वाटावेत. ही नजर चुकीने आलेली नाही, यात हिशेब आहे.

1860 मध्ये एदोच्या र्‍योगोकु भागात पिंजऱ्यातला ‘वाघ’ खेळ म्हणून दाखवला गेला. होता तो बिबट्या. बिबट्या ही वाघाची मादी, असा तिथे समज होता, त्यामुळे ठिपके बघूनही कुणी पैसे परत मागितले नाहीत. चित्रकारांनी धडाधड त्याची चित्रं काढली, वर ‘वाघ’ लिहिलं. पट्टेरी वाघ पुढच्या वर्षी, 1861 मध्ये आला. कुनियोशी त्याच वर्षी वारला.

पण वाघ ठाऊक नव्हता म्हणून बंदूक गाळली, असं म्हणता येत नाही. बंदूक तर त्यांना चांगली ठाऊक होती.

भाला

उरते ती आवड, आणि माझ्या मते सगळं प्रकरण इथे आहे.

जपानी वाङ्मयात वीराने वाघ मारण्याची गोष्ट कियोमासाच्या हजार वर्षं आधीची आहे. ‘निहोन शोकी’ या आठव्या शतकातल्या इतिवृत्तात 545 सालची नोंद आहे. काशिवादे नो हासुही हा दूत कोरियातल्या पेक्चे राज्यात कुटुंबासह गेला होता. बर्फाच्या रात्री त्याचं मूल नाहीसं झालं. सकाळी बर्फातल्या ठशांवरून माग काढत तो वाघाच्या गुहेपर्यंत पोचला. वाघाने जबडा उघडला तेव्हा त्याने डाव्या हाताने जीभ धरली आणि उजव्या हाताने तलवार खुपसली. कातडं घेऊन तो मायदेशी परतला. कोरिया, वाघ, हिरावलेलं पोर आणि हातघाई हे चारही धागे इथेच आहेत. जोझानच्या गोष्टीतल्या कोझुकी साझेनला वाघाने नेलं, ते वाचताना मला हासुहीचं पोर आठवल्याशिवाय राहत नाही.

मग चिनी वीर आले. 1827 नंतर कुनियोशीने ‘सुइकोदेन’ या चिनी कादंबरीतल्या एकशेआठ बंडखोरांची मालिका काढली आणि तिनेच तो एका रात्रीत मोठा झाला. त्यातला बुशो, म्हणजे चिनी वू सोंग, दारूच्या नशेत नुसत्या मुठीने वाघ मारतो. रंगभूमीवर चिकामात्सूच्या 1715 सालच्या ‘कोकुसेन्या कास्सेन’ नाटकातला वातोनाई बांबूच्या बेटात वाघाला भिडतो आणि इसेच्या देवळाचा ताईत दाखवून त्याला शरण आणतो. हे नाटक ओसाकात सतरा महिने चाललं. पुढे काबुकीत वातोनाईचा वाघ म्हणजे कातडं पांघरलेला नट. नटाशी झटापट करता येते, त्याच्यावर पाय रोवून डोळे वटारत पवित्रा घेता येतो. त्याला लांबून गोळी घातली तर तो नुसता पडेल आणि प्रेक्षक हळहळेल.

या सगळ्यांत वीराचं शरीर वाघाच्या शरीराला लागतं. जीभ धरलेला हात, मूठ, ताईत. वाचक-प्रेक्षकाचा डोळा याला सरावला होता. कियोमासाची बंदूक या रांगेत बसत नव्हती.

त्यातून बंदुकीची सामाजिक किंमत कमी. लढाईत ती प्याद्यांचं, आशिगारूंचं हत्यार. शांततेच्या काळात रानडुकरं पळवणाऱ्या शेतकऱ्यांचं आणि शिकाऱ्यांचं. 1748 च्या ‘कानादेहोन चूशिंगुरा’त बंदूक हातात येते ती कानपेइच्या, कर्तव्याला चुकून देशोधडीला लागलेल्या आणि शिकार करून पोट भरणाऱ्या सामुराईच्या. अंधारात डुक्कर समजून तो माणूस मारतो. एदोच्या प्रेक्षकाला बंदूक घेतलेला सामुराई म्हटलं की हा बिचारा कानपेइ आठवणार. कियोमासाच्या हाती तीच देऊन कोण विकत घेणार?

याउलट भाला कियोमासाच्या नावाशी आधीच जोडलेला होता. 1583 च्या शिझुगाताकेच्या लढाईत नाव काढलेल्या ‘सात भाल्यां’पैकी तो एक. शिवाय त्याचा म्हणून सांगितला जाणारा भाला खरोखर विचित्र आहे. मधल्या पात्याला काटकोनात दोन फाटे असतात तसा प्रकार, पण एक फाटा लांब आणि दुसरा आखूड. हा भाला कियोमासाच्या मुलीबरोबर किइच्या तोकुगावा घरात गेला आणि आता तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आखूड फाटा का? लोकांनी उत्तर तयार केलं: कोरियात वाघाने चावून मोडला. प्रत्यक्षात पातं मुळातच तसं घडवलेलं आहे. पण मोडकी वाटणारी वस्तू समोर असली की तिची गोष्ट हवी असते, आणि इथे गोष्ट हाताशी होती. चित्रकाराने पातं वाघाच्या तोंडात दिलं की एका फटक्यात दोन्ही कोडी सुटतात: वाघ मेला कसा आणि भाला असा का.

आणि कागदाचा आकार. ओबान कागद साधारण 38 बाय 26 सेंटिमीटर, उभा. त्यात माणूस आणि वाघ दोघेही मोठे काढायचे तर एकमेकांवर चढवावेच लागतात. वर वीर, खाली वाघ, आणि तिरपी रेषा दोघांना शिवून टाकते. बंदुकीच्या गोष्टीला अंतर लागतं. खडक, गवत, मधली रिकामी जागा, टक लावून बघणं. तीन कागद जोडून ती मांडता आली असती, पण तिथेही मधला कागद रिकामा ठेवायची हिंमत दुकानदाराने केली नसती. सोळा मोन मोजणाऱ्याला वाघ पुरेपूर हवा.

बंदी उठल्यावर

1868 नंतर तोकुगावा गेले आणि नावांची लपवाछपवी संपली. त्यानंतरच्या मेइजी सम्राटाच्या काळातल्या छापचित्रांवर काटो कियोमासा हे नाव उघड येऊ लागलं. बंदीमुळे गोष्ट वळली असती तर आता तरी तिने मूळ रूप धरायला हवं होतं. भाला तसाच राहिला. नाव परत आलं, हत्यार आलं नाही. आवडीचं पारडं जड होतं असं मी म्हणतो ते मुख्यतः यावरून.

चित्राचा उपयोग मात्र बदलला. 1873 साली कोरियावर स्वारी करावी की नाही यावरून मेइजी सरकार फुटलं. 1894-95 मध्ये चीनशी युद्ध झालं, तेही कोरियावरूनच. कोरियन वाघाला खाली दाबून उभा असलेला जपानी सरदार या वातावरणात नुसता पुराणातला वीर राहिला नाही. एदोतल्या सोबावाल्याने कौतुकाने भिंतीला लावलेलं चित्र आणि हे चित्र, रेषा त्याच असल्या तरी, मला एक वाटत नाहीत.

1917 च्या नोव्हेंबरात जहाज-व्यापारात अफाट पैसा केलेले यामामोतो तादासाबुरो शिकाऱ्यांचे जथे आणि वार्ताहर घेऊन कोरियात वाघाच्या शिकारीला गेले. कोरिया तोवर जपानची वसाहत झाला होता. परतल्यावर तोक्योच्या इंपीरियल हॉटेलात बड्या पाहुण्यांना वाघाच्या मांसाची मेजवानी दिली गेली. जुन्या सरदारांना परमुलखात वाघ मारावे लागले, आपण ते आपल्याच हद्दीत मारले, अशा आशयाचं बोलणंही झालं. पुढच्या वर्षी या मोहिमेचं सचित्र पुस्तक निघालं. त्यातली चित्रं म्हणजे फोटो. त्यांत मेलेला वाघ जमिनीवर आहे, शेजारी माणसं आहेत आणि त्यांच्या हातात रायफली आहेत. वाघांना वाघाचेच गोल डोळे आहेत.